बहिणाबाई चौधरी

बहिणाबाई नथुजी चौधरी (१८८० – ३ डिसेंबर १९५१) या खानदेशातील शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या आणि आयुष्यभर शेतीतच राबलेल्या मराठी कवयित्री होत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात व घरात काम करता करता रचलेली त्यांची गाणी मृत्यूनंतर ‘बहिणाबाईंची गाणी’ या नावाने १९५२ साली प्रसिद्ध झाली. सतराव्या शतकातील संत तुकारामांच्या शिष्या संत बहिणाबाई या वेगळ्या. नावसाधर्म्यामुळे दोघींची गल्लत होते.

जन्म आणि माहेर

बहिणाबाईंचा जन्म जळगावजवळच्या असोदे या गावी महाजनांच्या घरी नागपंचमीच्या दिवशी झाला. जन्मतारीख म्हणून २४ ऑगस्ट १८८० ही तारीख सामान्यतः छापली जाते. काही ठिकाणी ११ ऑगस्ट अशीही नोंद आढळते. वडिलांचे नाव उखाजी, आईचे भीमाई. घमा, गना व घना हे तीन भाऊ आणि अहिल्या, सीता व तुळसा या तीन बहिणी. भावंडांनी भरलेल्या या घरात मुलीचे नावच ‘बहिणा’ असावे, हा योगायोग लक्षात राहण्याजोगा आहे. माहेरावरील कवितेत त्यांनी आईवडिलांबरोबर भावंडांनाही नावानिशी गुंफले आहे. एरवी विस्मरणात गेले असते असे असोद्याचे एक घर त्यामुळे मराठी कवितेत कायमचे नोंदले गेले.

हे कुटुंब लेवा पाटीदार समाजातील. जळगाव, भुसावळ, यावल व रावेर या तालुक्यांत हा समाज मोठ्या संख्येने आहे आणि गुजरातमधून पूर्वज आल्याची परंपरा तो सांगतो. महाजन, चौधरी, पाटील ही त्यांच्यातील आडनावे मुळात गावगाड्यातील मानाची व कामाची पदे होत. पुढे ती कुळांना चिकटली. भाऊबंद आणि सोयरे हा भेद समाजात काटेकोर पाळला जातो. भाऊबंद म्हणजे एका कुळाचे, सुतकाचे व वाटणीचे धनी; सोयरे म्हणजे लेकी दिल्या-घेतल्याने जोडलेले. समाजाच्या प्रमुखाला ‘कुटुंबनायक’ म्हणतात. यावल तालुक्यातील पाडळसे येथील भोरगाव लेवा पंचायतीशी हे पद निगडित असून सासर-माहेरचे तंटे समजुतीने मिटवण्याचे काम ही पंचायत करीत आली आहे. साऱ्या समाजाच्या वडीलधाऱ्याला ‘कुटुंबाचा नायक’ म्हणावे, यावरून या लोकांच्या विचारात नात्याला केवढे स्थान आहे ते कळते.

सासर

वयाच्या तेराव्या वर्षी बहिणाबाईंचा विवाह जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी झाला. असोदे ते जळगाव हे अंतर अवघ्या काही मैलांचे. परंतु सासुरवाशिणीच्या दृष्टीने ते कुळ बदलण्याइतके मोठे होते. महाजनांची लेक आता चौधऱ्यांची सून झाली. सून, जाऊ, भावजय, वहिनी अशी नवी नाती अंगावर आली आणि प्रत्येकाबरोबर ठरलेले काम व ठरलेला मान आला.

खानदेशात या दोन घरांची सांगड आखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला स्पष्ट दिसते. त्या दिवशी घरोघर पितरांच्या नावाने पाण्याची घागर पुजतात. ती सासरच्या कुळाची. त्याच दिवसांत सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराईची गाणी म्हणतात, झाडाला बांधलेल्या झोक्यांवर खेळतात. आखजीवर बहिणाबाईंची कविता आहे. ‘योगी आणि सासुरवाशीण’ या कवितेत तर त्यांनी याच प्रश्नाला हात घातला आहे. माहेराचे इतके गोडवे गातेस तर सासरी का राहतेस, असे योगी विचारतो. उद्या आपल्या लेकीलाही येण्यासाठी माहेर हवे, आणि आई सासरी टिकली तरच ते उभे राहते, असा त्या स्त्रीच्या उत्तराचा आशय आहे. कुळाची वंशावळ पुरुषांच्या नावांनी मांडली जाते. येथे एका निरक्षर बाईने आई, लेक आणि लेकीची लेक अशी दुसरीच साखळी दाखवून दिली आहे.

वैधव्य

बहिणाबाईंना ओंकार व सोपान हे दोन मुलगे आणि काशी ही मुलगी. वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी त्यांना वैधव्य आले. १९०७ साली जन्मलेले सोपानदेव तेव्हा अगदी लहान होते. प्लेगमुळे ओंकार यांना कायमचे अपंगत्व आले. पतीच्या मागे कुळात विधवेचे स्थान मुलांच्या आधारानेच टिके; येथे मुलेच आईच्या आधारावर होती. आर्थिक व कौटुंबिक अडचणी सोसत त्यांनी शेती केली आणि मुले वाढवली. नशीब वाचू पाहणाऱ्या ज्योतिषाला आपला हात न देणारी त्यांची प्रसिद्ध कविता या दुःखाशी जोडली जाते. तीत रडगाणे नाही.

गाणी आणि त्यांची जपणूक

जात्यावर दळताना, शेतात खपताना ही गाणी सुचत आणि ओठांवरच राहत. त्यांची भाषा पूर्व खानदेशातील लेवा बोली आहे. धुळे जिल्ह्यात व जळगावच्या पश्चिम भागात बोलल्या जाणाऱ्या अहिराणीहून ती वेगळी असूनही अनेक लेखांत या कवितांना सरसकट अहिराणी म्हटले जाते, ते बरोबर नाही.

ही गाणी टिकली ती नात्यामुळे. मुलगा सोपानदेव (१९०७–१९८२) पुढे स्वतः कवी म्हणून नावारूपाला आले. त्यांनी आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी जमेल तेव्हा ती कागदावर उतरवून ठेवली. एक पोटचा मुलगा, दुसरा बहिणीचा. या दोघांच्या कानांवर जे पडले नाही किंवा ज्या वेळी हाताशी कागद नव्हता, ते सारे गेले. आज हाती असलेला संग्रह लहान आहे याचे कारण हेच.

बहिणाबाईंचे जळगाव येथे निधन झाले. त्यानंतर सोपानदेवांनी ही टिपणे आचार्य अत्रे यांना दाखवली. खेडवळ बोलीतील आईची गाणी शहरी वाचकांपुढे ठेवण्याचा त्यांना संकोच वाटत होता. अत्र्यांनी तो मोडून काढला आणि संग्रहाला विस्तृत प्रस्तावना लिहिली. ‘मानिनी’ (१९६१) या चित्रपटातून काही रचना घरोघरी पोहोचल्या. तेव्हापासून मराठीच्या शालेय पाठ्यपुस्तकांत त्यांच्या कविता वरचेवर येत राहिल्या आहेत.

स्मारके

जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांसाठी असलेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली त्यांचे नाव देण्यात आले. जुन्या जळगावातील चौधरी वाड्यात त्यांच्या स्मृती जपणारे संग्रहालय असून संसारातील व शेतीतील वस्तू तेथे पाहावयास मिळतात. ज्या वाड्यात त्या तेराव्या वर्षी सून म्हणून आल्या, तो चौधऱ्यांचा वाडा आता त्यांच्याच नावाने ओळखला जातो.