गणितज्ञ हसले, मग देवळालीच्या मास्तरांनी आपलं संशोधन स्वतःच छापलं

२०२५ साल उजाडलं तेव्हा व्हॉट्सॲपवर एक गंमत जोरात फिरत होती. २० अधिक २५ किती? ४५. आणि ४५ चा वर्ग किती? बरोबर २०२५. अनेकांनी ती फॉरवर्ड केली, स्टेटसला ठेवली. पण अशा संख्यांना गणितात एक नाव आहे आणि ते एका मराठी शाळामास्तरांचं आहे, हे किती जणांना ठाऊक होतं?

त्या मास्तरांचं नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

भडगावच्या माणसाला त्यांचं गाव काही परकं नाही. कजगाव नाहीतर पाचोरा गाठायचं, भुसावळ-देवळाली गाडीत बसायचं आणि शेवटच्या स्टेशनावर उतरायचं. त्याच देवळालीत कापरेकरांनी अख्खी नोकरी केली आणि अख्खं संशोधनही केलं.

आज त्यांची आठवण काढायचं कारण मात्र दुसरंच आहे.

आपल्या आजूबाजूला पीएचडी करणारं किंवा कॉलेजात शिकवणारं कुणी असेल, तर त्यांना एकदा विचारून बघा, पेपर आला का? चेहराच सांगेल काय चाललंय ते. एक शोधनिबंध लिहायला वर्ष जातं. मग तो जर्नलकडे पाठवायचा. संपादकांना बरा वाटला तर तो दोन-तीन तज्ज्ञांकडे तपासायला जातो. तिथे महिनोन् महिने जातात आणि शेवटी दोन ओळींचा नकार येऊ शकतो. यूजीसीच्या २०१६ च्या नियमांत तर पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी किमान एक पेपर छापून येणं सक्तीचं होतं. २०२२ च्या नियमांनी ती सक्ती काढली. तरी नोकरीच्या मुलाखतीत आणि प्रमोशनच्या फाईलमध्ये पेपर मोजले जातातच.

या सगळ्या ताणातून कापरेकर गेले होते, तेही कुणाचा आधार नसताना.

त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिष म्हटलं की आकडेमोड आलीच. वडिलांसोबत बसून पोराला आकड्यांची गोडी लागली. ठाण्यात शाळा झाली, मग १९२३ मध्ये पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज. तिथे १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस मिळालं. विद्यार्थ्याने स्वतःच्या डोक्याने केलेल्या गणिताला ते दिलं जायचं.

१९२९ मध्ये बी.एस्सी. झाले आणि त्याच वर्षी देवळालीच्या शाळेत गणिताचे मास्तर म्हणून लागले. पुढचं शिक्षण झालं नाही. एम.एस्सी. नाही, पीएचडी नाही, मार्गदर्शक नाही. १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी तिथेच शिकवलं.

शाळा सुटल्यावर मात्र त्यांचं दुसरं आयुष्य सुरू व्हायचं. ते आकड्यांशी खेळत बसायचे. मुंबईपासून साधारण ३० मैलांवर जी.आय.पी. रेल्वेच्या एका स्टेशनावर त्यांना १, १२१, १२३२१ अशा संख्यांच्या घराण्याचा अभ्यास सुचला. स्टेशनाचं तेव्हाचं नाव डेमलो, म्हणजे आजचं डोंबिवली. त्यांनी त्या संख्यांचं नावच डेमलो ठेवलं. त्यावरचं टिपण १९३८ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात आलं. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना, उदाहरणार्थ १२ ला, त्यांनी हर्षद म्हटलं. हर्षद म्हणजे आनंद देणारी.

आता मुद्दा येतो हसण्याचा.

त्या काळातल्या बऱ्याच भारतीय गणितज्ञांना हे सगळं पोरखेळ वाटायचं. त्याला कारणही होतं. कापरेकरांचे बहुतेक शोध संख्या दहाच्या पद्धतीत कशी लिहिली जाते यावर उभे होते. लिहिण्याची पद्धत बदलली की गंमतही बदलते. हे खोल गणित नव्हे, नुसती करमणूक, असं मोठ्या मंडळींचं मत होतं. त्यामुळे मोठ्या जर्नल्सची दारं त्यांच्यासाठी जवळपास बंदच होती. लहान नियतकालिकांत काही लेख आले, बाकीचे घरातच राहिले असते.

पण कापरेकरांनी ते राहू दिले नाहीत. छोट्या छोट्या पुस्तिका काढल्या आणि त्यांवर सरळ छापलं की हे देवळालीत खासगीरीत्या छापलंय, प्रकाशक म्हणजे लेखक स्वतः. डेमलो संख्यांवर १९४८ मध्ये पुस्तक आलं, स्वयंभू संख्यांवर १९५९ आणि १९६३ मध्ये.

स्वयंभू म्हणजे काय? कुठलीही संख्या घ्या आणि तिच्यात तिचेच अंक मिळवा. १४ मध्ये १ आणि ४ मिळवले की १९ येतात. १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१. मधले २० मात्र कुठल्याच संख्येपासून तयार होत नाहीत. म्हणून २० स्वयंभू. आज जग त्यांना देवळाली संख्या असंही म्हणतं.

त्यांचा सगळ्यात गाजलेला शोध ६१७४ चा. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा आणि मोठ्यातून लहान वजा करा. उत्तराचं पुन्हा तेच करा.

ते शाळेत लागले ते १९२९ हे सालच घेऊ.
९९२१ – १२९९ = ८६२२
८६२२ – २२६८ = ६३५४
६५४३ – ३४५६ = ३०८७
८७३० – ०३७८ = ८३५२
८५३२ – २३५८ = ६१७४

यापुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येणार. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या इथेच येऊन थांबते.

हे त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं. पुढे १९५० च्या दशकात न्यूयॉर्कच्या 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका'त ते छापून आलं. म्हणजे परिषदेपासून छपाईपर्यंतच काही वर्षं गेली. त्यानंतरही लगेच कुणी डोक्यावर घेतलं नाही. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना म्हणून कापरेकर शिकवण्या घेत होते. १९६६ मध्ये पत्नी गेल्या.

रामानुजनना १९१३ मध्ये हार्डी भेटले होते. कापरेकरांचा हार्डी उशिरा आला. मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं आणि देवळालीचं नाव जगभर गेलं. तेव्हा कापरेकर ७० वर्षांचे होते. १९८६ मध्ये ते वारले. आज कोडिंग शिकणाऱ्या पोरांना सरावासाठी हर्षद संख्या आणि कापरेकर संख्या शोधायला देतात.

मग त्यांनी हा ताण पेलला कसा?

पहिली गोष्ट, त्यांचं पोट पेपरवर अवलंबून नव्हतं. पगार शाळेचा होता. नकार आला तर वाईट वाटत असेल, पण चूल बंद होणार नव्हती. आजच्या संशोधकाचं दुखणं नेमकं इथे आहे. त्याची नोकरी, बढती, फेलोशिप सगळं पेपरला बांधलेलं. त्यामुळे आज कुणी नकाराने खचला तर त्याला नुसतं कापरेकरांसारखं चिकाटीने वाग म्हणून चालणार नाही.

दुसरी गोष्ट, ते एकाच दारावर डोकं आपटत बसले नाहीत. लहान टिपण लहान नियतकालिकाला दिलं. परिषदेला गेले. कॉलेजांनी बोलावलं की जाऊन बोलले. आपल्या कामावर बोलायला माणसं मिळाली की नकाराचं ओझं हलकं होतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. स्वतः छापलं ते स्वतःच छापलंय असं त्यांनी पानावर सांगितलं. आज काही जर्नल्स पैसे घेऊन चार दिवसांत पेपर छापतात आणि वर तज्ज्ञांनी तपासल्याचा शिक्का मारतात. ताणातून सुटायला तो रस्ता सोपा वाटतो. पण तिथे छपाईचे नाही, खोट्या शिक्क्याचे पैसे जातात, आणि चार वर्षांची मेहनत अशा ठिकाणी अडकते की पुढे ती कुणाला दाखवायची सोय राहत नाही. कापरेकरांच्या पुस्तिकेवर असला शिक्का नव्हता, पण आतलं गणित खरं होतं. ६१७४ तपासायला तज्ज्ञ लागत नाही, कागद आणि पेन्सिल पुरते.

त्यांच्या वाटेची किंमतही होती. पुस्तिका किती हातांत जाणार? ज्या स्वयंभू संख्या त्यांनी छापल्या, त्याच १९७० च्या दशकात कोलंबियाच्या बर्नार्डो रेकामान यांनी स्वतंत्रपणे मांडल्या. म्हणून त्यांना आज कोलंबियन संख्या असंही एक नाव आहे. तज्ज्ञांच्या तपासणीतून जाणारं चांगलं जर्नल मिळालं तर ते घ्यावंच, ते त्यासाठीच.

पण ते मिळेपर्यंत? जर्नलचा नकार एवढंच सांगतो की हा लेख आत्ता इथे छापणार नाही. त्यात चूक दाखवली असेल तर ती दुरुस्त करायची, नसेल तर दुसरं दार शोधायचं. लेखाची किंमत त्या दोन ओळींनी ठरत नाही. कापरेकरांना हसणाऱ्यांची नावं आज कुणाला सांगता येत नाहीत. ६१७४ ला मात्र जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात.

विश्वास बसत नसेल तर आपल्या गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे घ्या आणि वजाबाकी सुरू करा.