नारूचा माग काढणारे फेडचेन्को

साठी ओलांडलेल्या अनेकांना नारू आठवत असेल. पायावर फोड यायचा, विलक्षण आग व्हायची आणि फोड फुटला की दोऱ्यासारखा पांढरा जंत बाहेर डोकावायचा. कधी कधी मीटरभर लांबीचा हा जंत काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढून काढावा लागे. तो तुटला तर जखम चिघळे. तो शरीरात शिरतो कसा, याचे कोडे सोडवण्याची सुरुवात केली अलेक्सेई फेडचेन्को या रशियन निसर्गशास्त्रज्ञाने.

फेडचेन्को यांचा जन्म १८४४ मध्ये सायबेरियातील इर्कुत्स्क येथे झाला. मॉस्को विद्यापीठात शिकल्यावर १८६८ पासून ते मध्य आशियात मोहिमेवर होते. पत्नी ओल्गा वनस्पती गोळा करत, ते प्राणी आणि कीटक. समरकंद-बुखारा भागातले लोक उघड्या हौदांत पायऱ्यांनी उतरून पाणी भरत. तिथे नारूचे रुग्ण पुष्कळ होते. माशांतील अशाच एका जंताच्या अळ्या सायक्लॉप्स या पाण्यातल्या सूक्ष्म जिवात वाढतात, हे जर्मन प्राणिशास्त्रज्ञ लॉयकार्ट यांना माहीत होते. नारूच्या बाबतीतही तिथेच शोध घ्यावा, असे त्यांनी सुचवले होते. १८७० मध्ये फेडचेन्कोंनी सूक्ष्मदर्शकाखाली नेमके तेच पाहिले. नारूच्या अळ्या सायक्लॉप्सच्या शरीरात जाऊन कात टाकत होत्या.

पुढची कडी जोडायला त्यांना वेळच मिळाला नाही. १८७३ मध्ये माँ ब्लां पर्वतराजीत वादळात सापडून त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे २९. ओल्गा यांनी लहान मुलाला वाढवत मोहिमेचे राहिलेले काम पुढे नेले. पामीरमधील प्रचंड हिमनदीला फेडचेन्कोंचे नाव आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लायपर यांनी उरलेला दुवा जोडला. पाण्यातून पोटात गेलेला सायक्लॉप्स जठरातील आम्लाने मरतो, अळ्या मात्र तगतात.

इथेच रोगाचे वर्म सापडले. रुग्ण आग होणारा पाय पाण्यात बुडवतो, तेव्हा मादी असंख्य अळ्या सोडते. तेच पाणी प्यायलेल्याला सुमारे वर्षभराने नारू होतो. म्हणजे रुग्णाला पाण्यात उतरू दिले नाही आणि पाणी कापडाने गाळून प्यायले, तर साखळी तुटते. बुखाऱ्यात हौद कोरडे करून नारू संपवला गेला. भारतात पायऱ्यांच्या विहिरींना कठडे बांधले, हातपंप बसवले, पाण्यात सायक्लॉप्स मारणारे टेमेफॉस टाकले. देशातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त ठरला.

जगात १९८६ मध्ये अंदाजे ३५ लाख रुग्ण होते, २०२४ मध्ये १५. आफ्रिकेत, विशेषतः चाडमध्ये, कुत्र्यांनाही नारू होतो, म्हणून शेवटचा टप्पा रेंगाळला आहे. नारूवर आजही लस नाही, त्याला मारणारे औषधही नाही. इथवरची मजल मारता आली ती त्याची वाट कळल्यामुळे.