टीम बदलणारा माणूस : अर्न्स्ट डेग्नर

बाइक रेसिंगचा सीझन संपला की खरी धावपळ सुरू होते ती ट्रॅकबाहेर. कुठला रायडर कुठल्या टीममध्ये चालला, कुणाचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, कुणी कुणाचा मेकॅनिक फोडला, याच्याच चर्चा. मोटोक्रॉसमध्येही तेच. बेल्जियमचा जोएल रोबेर झेकोस्लोव्हाकियाच्या सीझेडवर जिंकत होता. तो सुझुकीकडे गेला आणि १९७० मध्ये सुझुकीला २५० सीसीचं मोटोक्रॉस विश्वविजेतेपद मिळवून दिलं. पुढच्याच वर्षी रॉजर डी कोस्टरनेही सीझेड सोडून सुझुकी धरली.

पण सुझुकीला ही सवय लावली ती एका जर्मन रायडरने, मोटोक्रॉसमध्ये नव्हे तर रोड रेसिंगमध्ये. त्याचं टीम बदलणं इतर सर्वांपेक्षा वेगळं होतं, कारण त्यासाठी त्याला देश सोडावा लागला. आपण इंजिनिअर होणार आहोत, म्हणून त्याची गोष्ट आपल्याला माहीत असायलाच हवी.

अर्न्स्ट डेग्नरचा जन्म १९३१ चा, ग्लायविट्झ गावचा. हे गाव तेव्हा जर्मनीत होतं, आज पोलंडमध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी घर सोडून पळावं लागलं आणि तो वाढला पूर्व जर्मनीत, म्हणजे कम्युनिस्ट राजवटीत. तिथं त्याने तांत्रिक शिक्षण घेतलं. म्हणजे हा नुसता गाडी पळवणारा नव्हता, इंजिन उघडून पुन्हा बसवणाराही होता. १९५६ मध्ये चोपाउ गावच्या एमझेड कारखान्याने त्याला रेसिंगसाठी घेतलं.

एमझेडच्या रेसिंग विभागाचा प्रमुख होता वाल्टर काडेन. युद्धाच्या काळात त्याने पेनेमुंडे इथल्या रॉकेट केंद्रात काम केलं होतं. पैसा नाही, चांगलं मटेरियल नाही, माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आणि हातात काय, तर टू-स्ट्रोक इंजिन, ज्याला त्या काळी रेसिंगमध्ये कुणी फारशी किंमत देत नव्हतं.

इथं थोडं थर्मलच्या लेक्चरसारखं होईल, पण चालवून घ्या. टू-स्ट्रोकमध्ये जळालेला वायू बाहेर जातो त्याच वेळी ताजं मिश्रण आत येतं. त्यातलं बरंचसं मिश्रण एक्झॉस्टमधूनच पसार होतं. पॉवर जाते ती इथं. काडेनने एक्झॉस्ट पाइपला मध्येच फुगीर पोट दिलं आणि पुढं पुन्हा निमुळता केला. वायूच्या दाबाची लाट त्या पोटात शिरताना सिलिंडरमधला वायू ओढून घेते आणि निमुळत्या भागावर आपटून परत येताना पळू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. म्हणजे सुपरचार्जर न लावताच सुपरचार्जिंग! लाट नेमकी कधी परत येते हे तो ऑसिलोस्कोप लावून बघत असे. त्याच्या जोडीला रोटरी डिस्क व्हॉल्व्ह आणि जादा ट्रान्सफर पोर्ट. १९६१ पर्यंत १२५ सीसीच्या एमझेडमधून २५ हॉर्सपॉवर निघू लागली. म्हणजे लिटरमागे २०० हॉर्सपॉवर. सुपरचार्जरशिवाय तोपर्यंत हे कुणालाच जमलं नव्हतं.

या गाडीवर डेग्नरने १९५९ मध्ये मोंझाला पहिली ग्रां प्री जिंकली, १९६० मध्ये बेल्जियमला आणि १९६१ मध्ये तर एकाच सीझनमध्ये तीन. होंडाच्या टॉम फिलिसशी त्याची बरोबरीची झुंज चालली होती. पण रेस जिंकून परत जायचं कुठं, तर जिथं चांगल्या कामाची चांगली किंमत मिळत नव्हती आणि सरकारच्या परवानगीशिवाय बाहेर पाऊल टाकता येत नव्हतं अशा देशात. परदेशी रेसला बायकोमुलांना सोबत नेता येत नसे. ती घरीच राहत, एक प्रकारे ओलीस.

सुझुकीची अवस्था याच्या अगदी उलट. पैसा होता, माणसं होती, पण त्यांचं टू-स्ट्रोक धावत नव्हतं. १९६१ च्या आईल ऑफ मॅन टीटीच्या वेळी सुझुकी आणि एमझेडचे लोक एकाच हॉटेलात उतरले होते. तिथं डेग्नरचं सुझुकीशी बोलणं झालं. १३ ऑगस्ट १९६१ ला बर्लिनची भिंत उभी राहू लागली आणि आता नाही तर कधीच नाही, अशी वेळ आली.

१७ सप्टेंबर १९६१, स्वीडनमधलं क्रिस्टियनस्टाड. तिथं जिंकला असता तर विजेतेपद जवळजवळ हातात होतं. सुरुवातीलाच त्याचं इंजिन बसलं. त्याच सुमारास त्याची बायको आणि दोन लहान मुलं एका मोटारीत लपून सीमा पार करत होती. मुलांनी आवाज करू नये म्हणून त्यांना झोपेचं औषध दिलं होतं. ती सुखरूप पोचली. डेग्नर स्वीडनहून थेट पश्चिमेला निघून गेला, पुन्हा चोपाउला कधीच परतला नाही. इंजिन त्याने मुद्दाम घालवलं असा एमझेडने आरोप केला. शेवटची रेस अर्जेंटिनात होती, ती त्याला धावता आली नाही. फिलिस ४४ गुण, डेग्नर ४२. विश्वविजेतेपद दोन गुणांनी हुकलं.

तो हिवाळा त्याने जपानला, हामामात्सुच्या सुझुकी कारखान्यात काढला. काडेनच्या कित्येक वर्षांच्या मेहनतीचं ज्ञान काही महिन्यांत सुझुकीच्या इंजिनात उतरलं. १९६२ मध्ये ५० सीसीची विश्वविजेतेपद स्पर्धा प्रथमच सुरू झाली. डेग्नरने टीटीसह चार रेस जिंकल्या आणि विजेतेपद घेतलं. सुझुकीचं ते पहिलं विश्वविजेतेपद, आणि टू-स्ट्रोकचंही पहिलंच. एमझेडच्या नशिबी ते कधीच आलं नाही.

पुढची गोष्ट मात्र सुखाची नाही. १९६२ मध्ये सुझुकाच्या नव्या ट्रॅकवर तो पडला. ते वळण आजही डेग्नर कर्व्ह म्हणूनच ओळखलं जातं. १९६३ मध्ये तिथंच २५० सीसीच्या रेसमध्ये पहिल्याच लॅपला अपघात होऊन गाडीने पेट घेतला आणि तो भयंकर भाजला. कातडी बदलण्याच्या पन्नासच्या वर शस्त्रक्रिया झाल्या. तरी पठ्ठ्या १९६४ मध्ये परत आला आणि त्याच सुझुकावर १२५ ची रेस जिंकला! पण वेदनाशामक औषधांची सवय काही सुटली नाही. १९६६ मध्ये रेसिंग थांबलं. १९८३ मध्ये टेनेरिफ बेटावर वयाच्या ५१ व्या वर्षी तो गेला. काडेन १९९६ पर्यंत जगला.

आता प्रश्न असा, की डेग्नर चोर की शहाणा? एक बाजू म्हणते, दुसऱ्याची मेहनत त्याने विकली. विश्वास ठेवणाऱ्या माणसाला तोंडघशी पाडलं. दुसरी बाजू म्हणते, आपली मुलं मोकळ्या हवेत वाढावीत म्हणून बापाने जे जवळ होतं ते दिलं, आणि जवळ होतं ते फक्त डोक्यातलं ज्ञान. माझं विचाराल तर मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. ज्या राजवटीने माणसाला कोंडून ठेवलं, तिचा राग त्याने काढला. पण किंमत मोजली ती काडेनने, आणि त्याचा यात काहीच दोष नव्हता.

आपणही उद्या कॅम्पसमधून एका कंपनीत जाऊ, दोन वर्षांनी दुसरीत. जाताना डोक्यातलं शिक्षण सोबत येणारच, ते कुणी काढून घेऊ शकत नाही. पण त्यातलं आपलं किती आणि शेजारच्या टेबलावर रात्र रात्र जागणाऱ्या माणसाचं किती, हा हिशोब मात्र ज्याचा त्यानेच करायचा.

जाता जाता एक. होस्टेलच्या पार्किंगमध्ये एखादी जुनी आरएक्स १०० दिसली तर तिच्या सायलेन्सरकडे जरा नीट बघा. त्याच्या पोटात चोपाउच्या एका गरीब कारखान्यातली कल्पना आहे. ती जगभर नेणाऱ्याचं नाव एका वळणाला तरी मिळालं. ज्याने ती घडवली, त्याचं नाव आपण तरी लक्षात ठेवू : वाल्टर काडेन.