शेवटच्या शेतापर्यंत पाणी

रविवारी सकाळी त्र्यंबकेश्वरला गरम चहा पिऊन सायकल नाशिककडे वळवली, की आपल्यासमोर दोन पर्याय असतात. एक सरळ मोठा रस्ता. रुंद, गुळगुळीत आणि मागून सतत हॉर्न वाजवणारा. दुसरा आतला. अंजनेरीच्या आसपास डावीकडे बेझ्याला शिरायचं, चक्रतीर्थाला थांबायचं आणि मग भाताची खाचरं, आंब्याची झाडं, मध्येच आडवी येणारी म्हैस असं करत छोट्या छोट्या रस्त्यांनी गंगापूर धरणाकडे सरकायचं. वेळ जास्त लागतो, पण कान शांत राहतात.

ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी धरणात अडते आणि तिथून तिचं थोडं पाणी डाव्या कालव्यात शिरतं. मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव या बाजूला राहणाऱ्यांना हा कालवा घरचाच. पाट म्हणतात त्याला. पाटाच्या कडेचा रस्ता सायकलवाल्यांना का आवडतो, याचं साधं कारण आहे: तिथे चढ नसतो. पाणी पंपाशिवाय पुढे जायला हवं म्हणून कालवा जमिनीच्या पातळीशी जुळवून घेत वळणं घेतो आणि किलोमीटरमागे जेमतेम वीत-दोन वीत उतरतो. आपल्या पायांना तो उतार कळतही नाही. पाण्याला मात्र कळतो.

पण पाटाच्या कडेनं बरंच अंतर गेलं की आणखी एक गोष्ट दिसते. सुरुवातीला पाटाला लागून हिरवंगार असतं. पुढे पाणी कमी होत जातं. शेवटच्या टोकाला, ज्याला शेतकरी टेल म्हणतात, तिथे चारी कोरडीसुद्धा असू शकते. पहिल्या शेतानं किती पाणी घ्यायचं, म्हणजे शेवटच्या शेताला मिळेल? या एका प्रश्नावर आयुष्यातली कित्येक वर्षं घालवलेला एक इंजिनिअर आपल्या नोकरीच्या पहिल्या दिवसांत याच नाशिक जिल्ह्यात होता. त्याचं नाव आपण दरवर्षी १५ सप्टेंबरला अभियंता दिनाच्या पोस्टरवर वाचतो आणि विसरतो. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

शिकवण्या करून शिकलेला मुलगा

विश्वेश्वरय्यांचा जन्म आजच्या कर्नाटकातल्या चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळीचा. वडील संस्कृतचे पंडित होते. घरात विद्या होती, पैसा नव्हता. वडील लवकर गेले. मामांच्या आधारानं मुलगा बंगळूरला शिकला आणि खर्च भागवण्यासाठी दुसऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या घेऊ लागला. १८८१ मध्ये तिथल्या सेंट्रल कॉलेजातून बी.ए. झाल्यावर म्हैसूर संस्थानाची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याला आले. कॉलेज ऑफ सायन्समध्ये. म्हणजे आपल्या आजच्या सीओईपीत.

१८८३ च्या इंजिनिअरिंगच्या परीक्षेत ते पहिले आले. पुढच्याच वर्षी मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून नोकरी लागली आणि सुरुवातीची नेमणूक झाली नाशिकला. वय विशीच्या थोडं पुढे. म्हणजे हे पान वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या आसपासचं. तेव्हा साहेबाची फिरती घोड्यावर व्हायची. आज आपण ज्याला मस्त राइड म्हणतो, ती त्या काळच्या इंजिनिअरची रोजची ड्युटी होती.

नदीखालून जाणारा पाट

नाशिकनंतर खानदेश. धुळ्याच्या बाजूला पांझरा नदीच्या खोऱ्यात दातर्ती गावाजवळ एक अडचण होती. पाटाचं पाणी मध्ये येणाऱ्या प्रवाहाच्या पलीकडे न्यायचं होतं. पूल बांधून नाही, तर पाइप टाकून खालून. याला सायफन म्हणतात.

सायफन समजायला सायकल बरी. समोर खोलगट रस्ता आहे असं समजा. आपण पॅडल न मारता उतार सोडतो, तळाला जातो आणि त्याच जोरावर समोरचा चढ बराचसा चढतो. मात्र सुरुवात केली होती त्याच उंचीपर्यंत पोचत नाही, थोडं खाली थांबतो. पाइपातलं पाणी साधारण हेच करतं. म्हणून पलीकडचं तोंड अलीकडच्या तोंडापेक्षा थोडं खाली ठेवावं लागतं. किती खाली, तेवढंच बरोबर काढायचं.

काम पावसाळ्यात सापडलं. पूर यायचा आणि खणलेले चर वाळूनं भरून जायचे. पाऊस संपेपर्यंत थांबावं असं विश्वेश्वरय्यांनी वरिष्ठांना कळवलं, पण ते वरिष्ठांना रुचलं नाही. नव्या नोकरीत पहिल्याच कामावर साहेब नाराज! मग त्यांनी वाद वाढवला नाही. पावसातच उभे राहून काम पुरं केलं.

ज्या मुलखात हे घडलं, तिथे पाणीवाटपाची एक जुनी शाळाच होती. पांझरेच्या काठी, तसंच आपल्या कळवण-बागलाणात मोसम आणि आरम नद्यांवर, फड पद्धत कित्येक पिढ्या चालत आलेली. नदीवर छोटा बंधारा, त्यातून निघणारा पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे फड. एका फडात त्या हंगामात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पुढच्या वर्षी ते दुसऱ्या फडात सरकवायचं. पाणी सोडायला पाटकरी, पिकं राखायला जागल्या. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड सगळ्यांनी मिळूनच कोरडा ठेवायचा. त्यामुळे टंचाईचा फटका कुणा एकाला बसायचा नाही, तो वाटला जायचा.

धरण न वाढवता पाणी वाढवलं

पुढे सिंधमधल्या सक्करला त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेऊन, वाळूतून गाळलेलं पाणी शहराला दिलं. १८९८ मध्ये जपान पाहून आले. १८९९ मध्ये पुणे जिल्ह्याच्या पाटबंधाऱ्यांची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि इथे त्यांच्या कामातला सगळ्यात मोलाचा भाग सुरू झाला.

पुण्याला आणि मुठा कालव्याला पाणी देणारं खडकवासला धरण अपुरं पडत होतं. भिंत उंच करणं खर्चाचं आणि जोखमीचं. दर पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी वाहून जायचं ते वेगळंच. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर आपोआप चालणारी दारं बसवण्याची युक्ती काढली. पाणी ठरावीक पातळीला येईपर्यंत दारं बंद. त्या पातळीच्या वर गेलं की ती स्वतःच उघडणार, पुराचा धोका टळला की स्वतःच मिटणार. १९०३ मध्ये ती बसली आणि भिंतीला हात न लावता तलावात सुमारे आठ फूट जास्त पाणी उभं राहू लागलं.

दारांची गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, कारण ती चमकदार आहे. पण दुसरं काम जास्त अवघड होतं. तिथे माणसांशी गाठ होती.

नीरा कालव्यावर विचित्र परिस्थिती होती. चांगला पाऊस झाला की ज्वारी-बाजरीवाले पाणी घ्यायचेच नाहीत. दुष्काळ पडला की सगळे एकदम मागायचे. आणि कालव्याजवळच्या जमिनींत वर्षभर ऊस. तिथे इतकं पाणी मुरायचं की जमीन चिबड व्हायची आणि डासांमुळे हिवताप पसरायचा. म्हणजे हेडला पाण्यानं नुकसान आणि टेलला पाण्यावाचून नुकसान.

त्यांनी सुचवलेली ब्लॉक पद्धत अशी: कालव्याखालच्या गावांत जमिनीचे ठरावीक गट पाडायचे. प्रत्येक गटात उसाला मोजकाच वाटा, बाकीच्या जमिनीत धान्य आणि कमी पाण्याची पिकं. पिकांची फेरपालट सक्तीची. बदल्यात काही वर्षांसाठी पाण्याची लेखी हमी. त्यामुळे पाणी चार गावांत साठून न राहता कालव्याच्या लांबीभर पसरणार होतं. पांझरेकाठच्या फडांशी याचं नातं डोळ्यांना दिसण्यासारखं आहे.

शेतकऱ्यांना आधी हे आवडलं नाही. आपल्या शेतात काय पेरायचं हे सरकारनं का सांगावं, हा त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. विश्वेश्वरय्यांनी बैठका घेतल्या, समजावलं आणि पद्धत सुरू झाली. पुढे गोदावरी आणि प्रवरेच्या कालव्यांवरही ब्लॉक आले. आपल्या नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यातून निघून कोपरगावकडे जाणाऱ्या कालव्यांवर ब्लॉक हा शब्द जुन्या शेतकऱ्यांच्या तोंडी अगदी रुळलेला आहे.

वरची खुर्ची

एवढं सगळं करूनही मुंबई सरकारच्या नोकरीत एक दार त्यांच्यासाठी उघडणार नव्हतं. चीफ इंजिनिअरची खुर्ची भारतीयाला मिळण्याची शक्यता जवळपास नव्हती. १९०८ मध्ये, पंचवीस वर्षं पूर्ण व्हायच्या आत, त्यांनी नोकरी सोडली.

त्याच वर्षी सप्टेंबरात मुसी नदीच्या महापुरानं हैदराबाद उद्ध्वस्त झालं. पूर अडवण्यासाठी शहराच्या वर जलाशय बांधण्याची योजना त्यांनी दिली. १९०९ मध्ये ते म्हैसूर संस्थानाचे चीफ इंजिनिअर झाले, १९१२ मध्ये दिवाण. कावेरीवरचं कृष्णराजसागर धरण, म्हैसूर बँक, १९१६ मधलं म्हैसूर विद्यापीठ ही त्या काळातली कामं. धरणामुळे मंड्याची कोरडी जमीन भिजली. त्याच धरणात कन्नंबाडी गाव बुडालं, हेही त्याच हिशेबात लिहायला हवं.

आणि इथे ती गोष्ट येते, जी अभियंता दिनाच्या भाषणांत सहसा येत नाही.

म्हैसूरच्या सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणांचं प्रमाण लोकसंख्येच्या मानानं फार मोठं होतं. बाकीच्या समाजांनी महाराजांकडे दाद मागितली. १९१८ मध्ये महाराज कृष्णराज वाडियार यांनी सरन्यायाधीश लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मागे राहिलेल्या समाजांसाठी नोकऱ्यांत जागा ठेवायच्या, या दिशेनं पावलं पडू लागली. विश्वेश्वरय्यांना ते पटलं नाही. निवड गुणवत्तेवरच व्हावी, असं त्यांचं मत होतं. मतभेद मिटले नाहीत आणि वर्षाच्या अखेरीस त्यांनी दिवाणपद सोडलं.

ही गोष्ट वाचली तेव्हा मला राहून राहून नीरा कालवा आठवत होता. पाणी वाटताना या माणसाला पक्कं कळलं होतं, की हेडच्या शेतात ऊस जोमदार येतो तो केवळ तिथल्या शेतकऱ्याच्या हुशारीमुळे नाही. त्याचं शेत कालव्याच्या तोंडाशी असतं. म्हणून नियम करून त्याचा वाटा मर्यादित ठेवायचा आणि टेलला हमी द्यायची. शाळा आणि नोकरीचाही एक कालवाच असतो. काही घरं पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या तोंडाशी असतात, काही टेलला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी हे ओळखून १९०२ मध्येच पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या होत्या. जन्मामुळे वरची खुर्ची नाकारली जाण्याचा अनुभव स्वतः घेतलेल्या विश्वेश्वरय्यांना हा दुसरा कालवा दिसला नाही.

यामुळे त्यांचं काम छोटं होत नाही. पण पोस्टरवरचा फेटा बांधलेला माणूस पूर्ण दिसायचा असेल, तर दोन्ही गोष्टी शेजारी ठेवाव्या लागतात.

उरलेला रस्ता

दिवाणपदानंतरही ते चाळीसहून अधिक वर्षं जगले. १९३४ मध्ये, स्वातंत्र्य दूर असताना, त्यांनी देशाच्या नियोजित अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिलं. १९५५ मध्ये भारतरत्न मिळालं. १९६० मध्ये त्यांच्या शंभरीनिमित्त टपाल तिकीट निघालं, तेव्हा ते ते पाहायला हयात होते. १९६२ मध्ये ते गेले. कृष्णराजसागरचा मोठा कालवा आज त्यांच्या नावानं ओळखला जातो.

गंगापूर धरण आणि आपला डावा कालवा त्यांनी बांधलेला नाही. ते धरण १९६५ चं. पण प्रश्न तोच आहे आणि आता तो मोठा झालाय. कमी पावसाच्या वर्षी नाशिकच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली, की इथे आंदोलन होतं आणि तिकडे मराठवाड्यात डोळे लागलेले असतात. समन्यायी वाटपाचा कायदा २००५ मध्ये झाला. खोऱ्याच्या हिशेबात आपण हेडला आहोत, मराठवाडा टेलला. कॉलेजच्या कट्ट्यावर यावर वाद घालणं सोपं आहे. त्र्यंबकहून निघून पाटाच्या कडेकडेनं चारी कोरडी होईपर्यंत सायकल चालवून आलात, तर तो वाद थोडा वेगळ्या आवाजात घालाल.

राइडला निघण्याआधी

पहाटे लवकर निघा, दहाच्या आत परत फिरा. पंक्चर किट आणि पाणी जवळ ठेवा, आतल्या रस्त्यावर दुकानं कमी आहेत. पाटाचा काठ ठिकठिकाणी खचलेला असतो, म्हणून अंधारात आणि पावसात तिथे जाऊ नका. पाणी संथ दिसलं तरी पाटात उतरू नका, काठ निसरडे असतात आणि ओढ जोरदार. आणि वाटेत कुणी पाणी धरत असेल तर थांबून एकदा विचारा, त्यांची पाळी कितव्या दिवशी येते.