लिऑं ब्लूम : तटस्थतेचे मोल

लिऑं ब्लूम यांचा जन्म ९ एप्रिल १८७२ रोजी पॅरिसमधील एका ज्यू व्यापारी कुटुंबात झाला. प्रथम साहित्यसमीक्षक व कायदेपंडित, पुढे समाजवादी पुढारी आणि जून १९३६ मध्ये फ्रान्सचे पंतप्रधान. कामगारांना ४० तासांचा आठवडा व पगारी रजा त्यांच्याच सरकारने दिली.

त्याच जुलैत स्पेनमध्ये लोकनियुक्त सरकारविरुद्ध लष्कराने बंड केले. सरकारने शस्त्रे मागितली. ब्लूमनी होकारही दिला. पण मंत्रिमंडळात फूट पडली, ब्रिटनचा पाठिंबा दिसेना आणि यादवीची आग फ्रान्समध्येही पसरेल अशी धास्ती वाटली. ऑगस्टमध्ये त्यांनी शस्त्रे पाठविणे बंद केले. तटस्थतेचा करार जर्मनी व इटलीनेही मान्य केला, पण पाळला नाही. त्यांच्या विमानांनी २६ एप्रिल १९३७ रोजी गेर्निका गाव बेचिराख केले. १९३९ मध्ये फ्रँको विजयी झाला.

पुढे ब्लूमना नाझींच्या बुखेनवाल्ड छावणीत कैद भोगावी लागली. सुटकेनंतर, १९५० मध्ये त्यांचे निधन झाले.

ब्लूम भित्रे नव्हते; युद्ध टाळावे ही त्यांची तळमळ खरी होती. परक्याच्या यादवीत सैन्य घालू नये, हे तत्त्वही योग्यच. मात्र एकाने हात बांधून घ्यावेत आणि दुसऱ्याने शस्त्र उपसावे, अशा वेळी तटस्थता बलवानाच्याच पथ्यावर पडते, हे त्यांचे चरित्र आपल्याला शिकविते.