मजूर-मालकाच्या भांडणात मधे बसणारे बाबासाहेब

वरूड असो, मोर्शी असो की आमचं शेंदूरजनाघाट, जयंतीच्या मंचावर बॅरिस्टर हा शब्द दरवर्षी हमखास ऐकू येतो. बाबासाहेब बॅरिस्टर होते, घटनाकार होते, हे शाळकरी पोरालाही पाठ आहे. पण मजूर आणि मालक यांच्यात भांडण लागलं तर मधे कोणी बसावं, कोणत्या अटीवर बसावं आणि बसण्याआधी कोणाचे हात मोकळे असावेत, या प्रश्नावर त्यांनी अनेक वर्षं डोकं आणि कायदा दोन्ही झिजवले, हा भाग भाषणांतून निसटतो. आमच्या भागातल्या कार्यकर्त्याला तर रोज याचीच गरज पडते. संत्र्याच्या रोपवाटिकेत कलमा बांधणाऱ्या मजुराची उचल, तोंडी ठरलेला भाव, हंगाम संपल्यावर अडकलेला हिशेब, कुठे ठेक्यावर झाडझूड करणाऱ्या बाईची कापलेली मजुरी. भांडण झालं की कार्यकर्त्याला बोलावणं येतं आणि त्याच्याकडून एकच अपेक्षा असते : काहीही करून मिटवून टाका.

बाबासाहेबांचा जन्म, कोलंबिया, लंडन ही वाट आपल्या वाचकांना सांगायला नको. आपला विषय सुरू होतो १९२३ मध्ये. लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन आलेल्या बाबासाहेबांनी त्या वर्षी मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. सनद काढायला मित्र नवल भथेना यांची मदत घ्यावी लागली. अस्पृश्य बॅरिस्टरला मोठे खटले मिळवून देणारे सॉलिसिटर सहजी मिळत नव्हते, म्हणून घर चालवायला ते बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवत. राहायचे परळच्या बी. आय. टी. चाळीत, म्हणजे भोवताली सगळी गिरणी कामगारांची वस्ती. दिवसा करार म्हणजे काय हे विद्यार्थ्यांना शिकवायचं आणि संध्याकाळी ज्यांच्या हातात कसलाच करार नाही अशा माणसांची गाऱ्हाणी ऐकायची, असा तो काळ. त्यांच्या पुढच्या कामगारविषयक मांडणीचं बीज मला या दोन गोष्टींच्या शेजारात दिसतं.

आपल्या वऱ्हाडाशी संबंधित एक गोष्ट इथे जाता जाता सांगतो. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीला अंबादेवी मंदिर प्रवेशासाठी परिषद भरली, तिचे अध्यक्ष बाबासाहेब होते. सत्याग्रहाची तयारी होती, तरी मंदिराच्या पंचांना विचार करायला मुदत देऊन तो पुढे ढकलण्यात आला. ते भांडण मजुरीचं नव्हतं, पण पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे. समोरच्याला वेळ दिला, आणि सत्याग्रहाचा हक्क मात्र सोडला नाही.

पुढच्याच वर्षी मुंबईत कापड गिरण्यांचा मोठा संप झाला. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८, सुमारे दीड लाख कामगार बाहेर. संप समितीच्या मागण्यांची यादी तयार होती, पण अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नाहीत ही गोष्ट त्यात नव्हती. विणकाम खात्यात पगार जास्त. तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. म्हणजे या अन्यायाचा पहारेकरी शेजारचा कामगारच होता. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावलं की ही मागणी घेतली नाही तर आपल्या लोकांना संपात राहू नका असं सांगावं लागेल. मागणी नाखुशीने घेतली गेली. ती मालकांसमोर आली तेव्हा मालकांनी उलट टोला दिला की हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही. टोला झोंबणारा होता, पण खोटा नव्हता. १९२९ च्या संपाच्या वेळी त्यांनी अस्पृश्य कामगारांना कामावर जायला सांगितलं, त्यावरून कम्युनिस्टांनी त्यांच्यावर सडकून टीका केली. ती टीका आजही पुस्तकांतून होते. पण ज्यांच्या घरात दोन दिवसांचंही धान्य नाही आणि संपाच्या मागण्यांत ज्यांची जागा भांडून मिळवावी लागते, त्यांनी पुन्हा महिनोन्महिने उपाशी राहावं असं सांगायला जो तयार होईल, त्याने आधी आपली भाकरी मोजावी, असं माझं मत आहे.

संपाविषयी सावध असलेला हाच माणूस दहा वर्षांनी संपाच्या हक्कासाठी रस्त्यावर उतरला. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत विरोधी बाकावर बसले. १९३८ मध्ये बाळासाहेब खेर यांच्या काँग्रेस सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणलं. वरवर पाहता विधेयक शहाणपणाचं होतं : भांडण झालं की आधी समेटाची बोलणी करा, सरकार मधे बसेल. पण समेट सक्तीचा होता आणि ती बोलणी सुरू असताना संप केला तर तो गुन्हा ठरणार होता.

बाबासाहेबांचा युक्तिवाद इथे पक्क्या वकिलाचा होता. त्यांनी मांडलं की कामावर न जाणं हा फार तर कराराचा भंग आहे. कराराचा भंग झाला तर नुकसानभरपाई मागता येते, माणसाला गुन्हेगार ठरवता येत नाही. इच्छा नसलेल्या माणसाला शिक्षेच्या धाकाने कामाला लावणं याला नोकरी म्हणत नाहीत, गुलामी म्हणतात. दुसरा आक्षेप होता संघटनांच्या वर्गवारीवर. मालकाच्या मर्जीतली संघटना बोलण्याच्या जागी जाऊन बसेल आणि कामगारांची खरी संघटना दाराबाहेर राहील, ही भीती त्यांनी सभागृहात स्पष्टपणे मांडली. समेटाला त्यांचा विरोध नव्हता. एकाचे हात बांधून दुसऱ्याशी बोलणी करायला लावण्याला होता. विधेयक तरीही मंजूर झालं. ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत त्याविरुद्ध एक दिवसाचा संप झाला आणि त्यात ज्या कम्युनिस्टांशी दहा वर्षं खटके उडाले त्यांच्याच खांद्याला खांदा लावून बाबासाहेब उभे होते. आपल्याकडच्या गटातटाच्या कार्यकर्त्यांनी ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवायला हरकत नाही. आणि ज्यांना हे सगळं जुनं वाटतं त्यांनी २०२० ची औद्योगिक संबंध संहिता काढून पाहावी. चौदा दिवसांची नोटीस आणि समेटाची बोलणी सुरू असताना संपाला बंदी, दोन्ही गोष्टी तिच्यात आहेत.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले आणि जून १९४६ पर्यंत राहिले. काल विरोधी बाकावर होते, आज सरकार ते होते. पदावर आल्यावर काही दिवसांतच, ७ ऑगस्ट १९४२ ला दिल्लीत सरकार, मालक आणि कामगार अशा तिघांची परिषद भरली. तिथे परिषद कायमची करायचं आणि एक स्थायी समिती नेमायचं ठरलं. उद्देश तीन होते : देशभर कामगार कायदे सारखे असावेत, औद्योगिक भांडणं सोडवायची रीत ठरावी, आणि मालक-कामगारांचे सगळ्या देशाला लागू पडणारे प्रश्न समोरासमोर बसून बोलावेत. त्याआधी कामगाराचं गाऱ्हाणं अर्जाने वर जाई आणि हुकमाने खाली येई. आता कामगारांच्या प्रतिनिधीला मालकाच्या समोरची खुर्ची मिळाली. हीच पुढे भारतीय श्रम परिषद म्हणून चालली. एप्रिल १९४५ मध्ये केंद्राच्या अखत्यारीतल्या उद्योगांसाठी मुख्य कामगार आयुक्तांची यंत्रणा उभी राहिली. भांडण पेटण्याआधी जाऊन बसणारे समेट अधिकारी त्यातून मिळाले.

पण या चार वर्षांची एक बाजू आपण सहसा सांगत नाही. युद्ध चालू होतं. भारत संरक्षण नियमांतला ८१-अ हा नियम जानेवारी १९४२ मध्येच, म्हणजे बाबासाहेब येण्याआधी, लागू झाला होता. त्याने सरकारला संपावर बंदी घालण्याचा आणि भांडण सक्तीने लवादाकडे सोपवण्याचा अधिकार दिला. १९३८ मध्ये ज्या सक्तीला त्यांनी विरोध केला, ती सक्ती करणाऱ्या सरकारात ते मंत्री होते. ऑगस्ट १९४३ मध्ये कोळशाच्या टंचाईचं कारण देऊन बायकांना खाणीत जमिनीखाली काम करू देण्यात आलं. ती बंदी परत लागू व्हायला फेब्रुवारी १९४६ उजाडला. या गोष्टी झाकून ठेवल्याने बाबासाहेब मोठे होत नाहीत, आणि त्या सांगितल्याने लहानही होत नाहीत. सरकारात बसलेल्या माणसाला काय काय गिळावं लागतं ते यातून दिसतं. त्याच वेळी ते खुर्चीचा उपयोग कशासाठी करत होते तेही पाहावं लागेल.

कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ झाले, पगारी रजा आली, सेवायोजन कार्यालयं निघाली. रेगे समितीने उद्योगाउद्योगांत जाऊन कामगारांची स्थिती तपासली. पण मध्यस्थीच्या दृष्टीने मला दोन गोष्टी सगळ्यात मोठ्या वाटतात. पहिली, १९४६ चा स्थायी आदेशांचा कायदा. कामाची वेळ, रजा, हजेरी, शिक्षा, कामावरून काढण्याची रीत हे सगळं मालकाने लेखी द्यायचं आणि अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घ्यायचं. ज्याने कधी तोंडी कबुलीच्या भांडणात मध्यस्थी केली आहे त्याला या कायद्याची किंमत सांगावी लागणार नाही. मालक म्हणतो असं ठरलं होतं, मजूर म्हणतो तसं ठरलं होतं, आणि मधे बसलेला माणूस दोघांच्या तोंडाकडे पाहतो.

दुसरी गोष्ट अपुरी राहिली. नोव्हेंबर १९४३ मध्ये त्यांनी मांडलेल्या विधेयकात मालकाने प्रातिनिधिक कामगार संघटनेला मान्यता दिलीच पाहिजे अशी सक्ती होती. १९३८ चा आक्षेप आठवा : बोलायला कोण बसणार? त्याचं उत्तर या विधेयकात होतं. ते लांबत गेलं, बाबासाहेब पदावरून गेले, १९४७ मध्ये दुरुस्ती कायदा मंजूर झाला, आणि त्यातली मान्यतेची कलमं कधीच अंमलात आणली गेली नाहीत. महाराष्ट्राने १९७१ मध्ये स्वतःचा मान्यतेचा कायदा केला, तो पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणांसाठी. आमच्याकडच्या रोपवाटिकेत एका मालकाकडे एवढी माणसं क्वचितच सापडतील.

शेवटच्या वर्षांत बाबासाहेब बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ लिहीत होते. त्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा प्रसंग आपण वंदनेनंतरच्या वाचनात अनेकदा ऐकला आहे, पण तो कामगार कायद्याच्या बाजूने वाचून पाहा. शाक्य आणि कोलीय यांच्यात पाण्यावरून मारामारी होते. शाक्य संघाचा सेनापती युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ विरोध करतो, पण नुसती शांतीची विनवणी करत नाही. आधी चौकशी करा म्हणतो, कारण पहिला हात आपल्याही माणसाने उचलला असेल. मग तो रचना सुचवतो : आपल्यातले दोन निवडू, कोलीयांनी त्यांचे दोन निवडावेत, आणि या चौघांनी मिळून पाचवा निवडावा. दोन्ही बाजूंना सारख्या जागा, आणि पंच दोघांच्या संमतीचा. दिल्लीच्या त्या तिहेरी परिषदांत चार वर्षं बसलेल्या माणसाच्या लेखणीतून हे उतरलं आहे, हे वाचताना माझ्या मनातून जात नाही.

ग्रंथ छापून आला १९५७ मध्ये, ६ डिसेंबर १९५६ नंतर. त्यातल्या संघाच्या सभेत मतदान होतं, बहुमत सेनापतीच्या बाजूने जातं, आणि सिद्धार्थाचा पाच जणांच्या पंचायतीचा प्रस्ताव पडतो.