हळदीचा रंग आणि कमलाबाई

१९३३ साली मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी.ला पहिली आलेल्या एका मुलीने बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला. संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. अर्जदार मुलगी आहे, एवढ्याच कारणावरून त्यांनी अर्ज नाकारला. कमला भागवत, म्हणजे दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण, ऐकणाऱ्यातली नव्हती. वडील आणि काका दोघेही त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. ती सरळ बंगळूरला गेली आणि सत्याग्रहाला बसली. रामन यांनी प्रवेश दिला खरा, पण अटी घातल्या. पहिले वर्ष उमेदवारीचे, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीबेरात्रीही काम, आणि प्रयोगशाळेतल्या वातावरणाला बाध येता कामा नये. इतक्या अटी आपल्याकडे नव्या सुनेलाही घालत नाहीत! वर्षभरात तिचे काम पाहून संस्थेची दारे मुलींना उघडली.

श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली तिने दुधातली आणि डाळींमधली प्रथिने अभ्यासली. पुढे केंब्रिजला हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत बटाट्यावर काम केले. वनस्पतींच्या पेशींतही ‘सायटोक्रोम सी’ असते हे दाखवून दिले आणि अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर १९३९ साली डॉक्टरेट मिळवली. दिल्ली, कुन्नूर असा प्रवास करून १९४७ मध्ये लग्नानंतर त्या मुंबईत आल्या. पती मा. वि. सोहोनी हे विमागणिती होते. आयुष्यभर आकड्यांत बसलेल्या माझ्यासारख्याला ही गोष्ट उगीचच आवडते. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी विद्यार्थी घडवले, नीरेतले पोषक घटक शोधले आणि त्या कामासाठी राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळवले. संचालकपद मात्र फार उशिरा हाती आले.

हे सारे पाठ्यपुस्तकातही सापडेल. मला मोठे वाटते ते त्यानंतरचे काम. मुंबईतल्या नऊ महिलांनी १९६६ साली कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी स्थापन केली. कमलाबाई तिच्यात रमल्या, १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्षा झाल्या आणि तिच्या ‘किंमत’ या नियतकालिकात ग्राहकाच्या सुरक्षिततेवर लिहू लागल्या. केंब्रिजची विदुषी आता वाण्याच्या दुकानातल्या पुडीविषयी बोलत होती.

या पुडीचे महत्त्व मला उमरखेड तालुक्यातल्या ढाणकीच्या शेतकऱ्यांनी शिकवले. बँकेत असताना त्या भागात कर्जवाटपासाठी माझे जाणेयेणे असे. हळद काढायची, शिजवायची, पंधरा-वीस दिवस उन्हात वाळवायची, मग घासून चकाकी आणायची. एवढे करून भाव ठरायचा तो रंगावर. शहरात पूड दळताना कुणी मेटॅनिल येलो किंवा शिशाचा क्रोमेट मिसळला, की निकृष्ट मालही सोन्यासारखा दिसतो. मग ज्याने प्रामाणिकपणे पिकवले त्याचे हळकुंड फिके ठरते आणि त्याचा कर्जाचा हप्ता थकतो. भेसळीने खाणाऱ्याचे पोट बिघडते हे सगळ्यांना ठाऊक असते, पिकवणाऱ्याचे पोट मारले जाते ते सहसा कुणी बोलत नाही.

ओळखायचे कसे? पूड पाण्यात कालवून हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले की ती गुलाबी होते. आणखी पाणी घातल्यावर गुलाबी रंग गेला तर हळदीचा, टिकला तर मेटॅनिल येलोचा. (आम्ल मुलांच्या हाती देऊ नका.) दुधात पिठूळ भेसळ असेल तर आयोडीनचा थेंब निळा होतो. पण कीटकनाशकाचा अंश असा रंग बदलून दिसत नाही. २००८ साली चीनमध्ये बाळांच्या दुधाच्या भुकटीत मिसळलेले मेलामाईनही दिसले नव्हते. सहा बाळे दगावली आणि सुमारे तीन लाख आजारी पडली.

अशा अदृश्य विषासाठी आता शास्त्रज्ञ करंजीच्या साच्यासारखी युक्ती वापरतात. लोखंडाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म चुंबकीय कण घ्यायचे. शोधायचे त्या द्रव्याचे रेणू सोबत ठेवून कणांवर प्लास्टिकसारख्या पॉलिमरचा थर चढवायचा आणि मग ते रेणू धुऊन काढायचे. थरात नेमक्या त्यांच्याच आकाराच्या खोबणी उरतात. हे कण दुधात किंवा फळांच्या रसात ढवळले की तेच द्रव्य खोबणीत जाऊन बसते. भांड्याबाहेरून लोहचुंबक लावला की कण एका कडेला गोळा होतात, बाकीचे ओतून द्यायचे. किती विष सापडले ते मोजायला मात्र अजून बहुधा यंत्र लागते, आणि ते यंत्र ढाणकीच्या बाजारात नाही. आम्लाची बाटली आणि आयोडीन निदान तिथल्या शाळेच्या प्रयोगशाळेत मिळू शकते.

१९९८ साली दिल्लीत कमलाबाईंचा सत्कार होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच अवधीत गेल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच दिल्लीत मोहरीच्या भेसळयुक्त तेलाने साठांवर माणसे मेली. भेसळ होती पिवळ्या धोतऱ्याच्या बियांच्या तेलाची. हा काटेरी धोतरा आपल्याकडे पडीक रानात कुठेही उगवतो. तेलात तो असला तर नायट्रिक आम्लाने तांबूस रंग येतो, आणि ही परीक्षा दिल्लीतही फार जुनी होती.